आधी परीक्षा ठरवा, मग क्लास: आयटी सर्टिफिकेशनचा विचार कसा करायचा

पदवीचे निकाल लागले की सांगली-मिरजेत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पोरगी बीसीए झाली, पोरगा बी.एस्सी. कॉम्प्युटर झाला, आता क्लास कुठला लावायचा? विश्रामबागेतून शंभर फुटी रोडकडे निघालं की बोर्ड दिसतातच: फुल स्टॅक, क्लाउड, डेटा सायन्स, टेस्टिंग, सायबर सिक्युरिटी. मामा म्हणतात पुण्यालाच पाठवा. शेजारचा म्हणतो ऑनलाइन करा, सगळं तेच असतं. फी काही हजारांपासून लाखाच्या पुढे. उसाचं बिल किंवा बेदाण्याचे पैसे आले की ती भरली जाते, पण त्या पैशांत आपण नेमकं काय घेतोय, हे आई-वडिलांना कुणीच धड समजावून सांगितलेलं नसतं.

मी मूळची मिरजेची. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेते. आपल्या भागातली हुशार मुलं चुकीच्या कागदावर पैसे आणि वर्ष घालवून समोर येऊन बसतात तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सर्टिफिकेट देतं कोण?

पहिल्यांदा हे पक्कं समजून घ्या. क्लास शिकवतो, पण इंडस्ट्रीत ज्याला सर्टिफिकेशन म्हणतात ते क्लास देत नाही. ड्रायव्हिंग स्कूल गाडी शिकवतं आणि लायसन आरटीओ देतं, तसंच इथे आहे. क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर काम चालवण्याची, परीक्षा अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट किंवा गुगल घेतं. नेटवर्किंगची सिस्को घेतं, लिनक्सची (सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) रेड हॅट घेतं, जावाची ओरॅकल. टेस्टिंगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याच्या कामाची, सगळ्यात ओळखीची परीक्षा आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय मंडळाची. भारतात तिचं काम इंडियन टेस्टिंग बोर्ड बघतं. यांपैकी बहुतेक परीक्षांना कुठल्या क्लासला जाऊन आलात हे कुणी विचारत नाही. फी भरायची, तारीख घ्यायची, परीक्षा द्यायची. घरी बसून अभ्यास केलेल्यालाही तेच सर्टिफिकेट मिळतं.

क्लास शेवटी जो रंगीत कागद देतो तो कोर्स पूर्ण केल्याचा दाखला असतो. त्यात वाईट काही नाही, पण कंपनीच्या लेखी त्याचं वजन जवळजवळ शून्य आहे.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीची पावती मी हातात घेऊन पाहिली होती. वर ठळक अक्षरांत ‘प्रोफेशनल क्लाउड सर्टिफिकेशन प्रोग्राम’. खाली फी ४५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस. पूर्ण पावती उलटसुलट वाचली, तर अ‍ॅमेझॉनच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेचा कोडही नाही आणि परीक्षा फीचा उल्लेखही नाही. घरच्यांची समजूत मात्र अशी की सहा महिन्यांनी अ‍ॅमेझॉनचं सर्टिफिकेट येणार. तिने क्लासमध्ये विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘ती परीक्षा तुमची तुम्ही द्यायची.’ ज्या परीक्षेसाठी हे सगळं चाललं होतं, ती अ‍ॅमेझॉनची पायाभूत परीक्षा १०० डॉलरची आहे, वर कर. म्हणजे क्लासच्या फीचा एक लहानसा हिस्सा.

तेव्हा क्लासच्या दारात पाय ठेवण्याआधी परीक्षेचं नाव आणि कोड कागदावर लिहा. परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन अभ्यासक्रम, प्रश्नसंख्या, वेळ, पास होण्याचे गुण, फी आणि मुदत वाचा. हे सगळं फुकट आणि उघड असतं. मग तो अभ्यासक्रम घेऊन क्लासमध्ये जा आणि विचारा, यातलं काय काय शिकवणार?

त्याची खरी किंमत किती?

नोकरीसाठी सर्टिफिकेशन लागतंच का, हा पुढचा प्रश्न. याचं खरं उत्तर फ्रेशरसाठी वेगळं आहे आणि अनुभवी माणसासाठी वेगळं.

मोठ्या कंपन्या फ्रेशर घेतात ते स्वतःच्या चाचणीवर. टीसीएसची एनक्यूटी असो किंवा दुसऱ्या कंपन्यांच्या तशाच परीक्षा, त्यात अ‍ॅप्टिट्यूड, इंग्रजी आणि कोडिंग असतं. ती पार केल्याशिवाय तुमची चार सर्टिफिकेट बघायला कुणी बसत नाही. ज्याला कोडिंगमधला साधा लूप आणि अ‍ॅरे नीट येत नाही त्याने क्लाउडच्या परीक्षेला आधी पैसे घालणं मला अजिबात पटत नाही. लहान आणि मधल्या कंपन्यांत मात्र थोडा फायदा होतो. एकाच जागेला शेकडो अर्ज येतात, त्यात पदवीखेरीज काहीतरी दाखवणारा बायोडेटा उचलला जातो. त्यापुढे मात्र बोलावं तुम्हालाच लागतं.

दोन-तीन वर्षांचा अनुभव झाला की चित्र बदलतं, आणि याचं कारण फारसं कुणी सांगत नाही. अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या पार्टनर योजना आहेत. आपल्या सर्व्हिस कंपन्या त्यांच्या पार्टनर असतात, आणि वरचा दर्जा टिकवायचा तर कंपनीत अमुक इतके सर्टिफाइड लोक असावे लागतात. म्हणूनच कंपन्या कर्मचाऱ्यांना परीक्षा द्यायला लावतात आणि बऱ्याचदा फीही परत देतात. जी परीक्षा उद्या कंपनीच्या पैशाने होणार आहे ती आज कर्ज काढून द्यायची का, हा हिशेब प्रत्येकाने मांडावा.

काही परीक्षा तर फ्रेशरसाठी नाहीतच. प्रोजेक्ट मॅनेजरसाठीच्या पीएमपी या परीक्षेला पदवीधराकडेही ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव मागतात. सुरक्षेतल्या सीआयएसएसपीला पाच वर्षांचा अनुभव लागतो. नुकत्याच पास झालेल्या मुलाला कुणी ‘पीएमपी कोर्स’ विकत असेल तर सरळ उठून यावं.

कुठली परीक्षा कुणासाठी

इथे सरसकट यादी देऊन उपयोग नाही. तुम्हाला काय करायला आवडतं आणि त्या कामाच्या जागा कुठे निघतात, यावर ते ठरतं. माझी पद्धत अशी: नोकरीच्या साइटवर जाऊन पुणे शहर निवडायचं, अनुभव शून्य ते दोन वर्षं ठेवायचा, हव्या त्या कामाच्या वीस-पंचवीस जाहिराती शेवटपर्यंत वाचायच्या आणि वारंवार येणारी नावं वहीत लिहायची. एक संध्याकाळ जाते. क्लासच्या काउन्सेलरपेक्षा ती वही जास्त खरं बोलते, कारण त्या काउन्सेलरचं टार्गेट अ‍ॅडमिशनचं असतं.

टेस्टिंगपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडच्या बीसीए, बी.एस्सी. आणि बी.कॉम. मुलांसाठी हा दरवाजा अजून उघडा आहे. आयएसटीक्यूबीची फाउंडेशन परीक्षा ४० प्रश्नांची, ६० मिनिटांची. २६ उत्तरं बरोबर आली की पास. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना १५ मिनिटं जादा मिळण्याची सोय आहे, ती मागून घ्या. हे सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. सध्याचा अभ्यासक्रम २०२३ साली आला, आवृत्ती ४.०, तो आणि नमुना प्रश्नपत्रिका मंडळाच्या साइटवर फुकट मिळतात.

त्यात शिकवतात काय, ते एका उदाहरणाने बघू. आपल्या एसटीच्या तिकीट मशिनचं सॉफ्टवेअर तपासायचं काम तुमच्याकडे आलं, असं समजा. नियम असे: ६५ वर्षं झालेल्यांना अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे पूर्ण मोफत, आणि २०२३ पासून महिलांना अर्धं. आता कुठल्या वयाचे प्रवासी घेऊन तपासाल? ४० आणि ७० घेतले तर मशिन बरोबरच वागेल, चूक सापडणार नाही. चुका हद्दीवर लपतात. म्हणून ६४ आणि ६५ घ्यायचे, ७४, ७५ आणि ७६ घ्यायचे. नेमकी आज पंचाहत्तरी पूर्ण झालेला माणूस अर्ध्यात की मोफत, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्याला जाऊन विचारायचा. मशिनने स्वतःच्या मनाने काही ठरवलं असेल तर ते इथेच उघडं पडतं. मग ७० वर्षांच्या आजी येतात: त्यांना दोन सवलती लागू होतात, मशिन कुठली लावतं? अर्ध्याचं पुन्हा अर्धं तर करत नाही ना? पहिल्या भागाला परीक्षेत बाउंडरी व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस म्हणतात, दुसऱ्याला डिसिजन टेबल. मुलाखतीत मी व्याख्या विचारत नाही, असंच एखादं उदाहरण देते. ज्याने नावं पाठ केली तो गप्प बसतो. ज्याने खरोखर अभ्यास केला तो पेन मागतो आणि तक्ता काढायला लागतो.

नुसत्या मॅन्युअल, म्हणजे हाताने करायच्या, टेस्टिंगवर मात्र फार काळ भागत नाही. सोबत एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), थोडं जावा किंवा पायथन आणि सेलेनियमसारखं ऑटोमेशनचं साधन लागतंच. पाया मात्र वर सांगितलेल्या विचाराचा.

दुसरी मला मनापासून आवडणारी परीक्षा रेड हॅटची, आरएचसीएसए, कोड ईएक्स२००. यात पर्यायी प्रश्नच नाहीत. समोर खरं लिनक्स मशिन असतं आणि कामं दिलेली असतात: अमुक युजर तयार करा, डिस्कचं व्हॉल्यूम वाढवा, फायरवॉलमध्ये वाट मोकळी करा, विसरलेला रूटचा (मशिनच्या मुख्य युजरचा) पासवर्ड बदला. ३०० पैकी २१० गुणांना पास. आणि एक अट अशी की मशिन रीस्टार्ट झाल्यावरही केलेलं काम टिकलं पाहिजे. माउंट केलेली, म्हणजे मशिनला जोडलेली, डिस्क एफएसटॅब या डिस्कच्या यादीच्या फाइलमध्ये लिहायची राहिली, तर रीस्टार्टनंतर ती गायब होते आणि गुणही जातात. त्या फाइलमध्ये एखादी ओळ चुकीची लिहिली तर मशिन उठतच नाही. प्रत्यक्ष नोकरीत रात्री दोन वाजता सर्व्हर पडतो तेव्हा हेच घडलेलं असतं. म्हणूनच ही परीक्षा पास झालेल्या मुलाकडे मुलाखत घेणारा वेगळ्या नजरेने बघतो. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. सरावाला पैसे लागत नाहीत: रेड हॅटचं वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन मोफत आहे, नाहीतर रेड हॅटसारखंच पण मोफत असलेलं रॉकी किंवा अल्मा लिनक्स घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशिनमध्ये (लॅपटॉपमधल्याच आभासी कॉम्प्युटरमध्ये) टाकता येतं. अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालते ठेवणाऱ्या कुबरनेटिस या साधनाची सीकेए परीक्षा याच पद्धतीची, दोन तासांची. पण ती लिनक्स हातात बसल्यावरच घ्यावी.

क्लाउडमध्ये पायाभूत परीक्षा दोन लोकप्रिय आहेत. अ‍ॅमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर ६५ प्रश्नांची, ९० मिनिटांची, १,००० पैकी ७०० ला पास, मुदत तीन वर्षं. मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० ला मुदतच नाही, एकदा पास की झालं. दोन्ही शब्दओळखीच्या परीक्षा आहेत. महिना-दीड महिना घरी अभ्यास करून होतात, त्यासाठी क्लास लावणं मला पैशाची नासाडी वाटते. नोकरीला उपयोगी पडते ती पुढची पायरी: अ‍ॅमेझॉनची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट, १५० डॉलर, १३० मिनिटं, किंवा मायक्रोसॉफ्टची एझेड-१०४. या दुसरीची मुदत एकच वर्ष असते, पण नूतनीकरण ऑनलाइन आणि मोफत होतं. तारीख मात्र चुकवायची नाही. अ‍ॅमेझॉनची एक परीक्षा पास झालात की पुढच्या परीक्षेवर निम्मी सूट मिळते, म्हणून छोटी आधी देऊन मोठी नंतर देणं हिशेबात बसतं. सरावासाठी खातं उघडताना कार्ड द्यावं लागतं. तेव्हा पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लावा आणि सराव झाला की सर्व्हर बंद करून उठा. चालू राहिलेल्या सर्व्हरचं बिल येतं.

नेटवर्किंगला सिस्कोची सीसीएनए, १२० मिनिटांची, मुदत तीन वर्षं. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सरावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. बी.कॉम. झालेल्यांनी आणि हिशेबाची आवड असणाऱ्यांनी एक्सेल आणि एसक्यूएलनंतर पॉवर बीआयकडे, म्हणजे आकड्यांचे तक्ते आणि आलेख बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाकडे, बघावं. परीक्षा पीएल-३००, सॉफ्टवेअरची डेस्कटॉप आवृत्ती मोफत. मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांचे आकडे वर्षभर गोळा करून त्याचा डॅशबोर्ड बनवलात तर मुलाखतीत बोलायला भरपूर विषय मिळेल, आणि तो तुमचा स्वतःचा असेल. कंपन्यांच्या ग्राहकांची माहिती सांभाळणाऱ्या सेल्सफोर्स या सॉफ्टवेअरसाठी ट्रेलहेड नावाचं फुकट शिकवणारं व्यासपीठ आहे.

आणि आता फुल स्टॅक, म्हणजे वेबसाइटचा दिसणारा भाग आणि मागचा सर्व्हर-डेटाबेसचा भाग दोन्ही बांधणं. सगळ्यात जास्त बोर्ड याचेच आहेत. पण फुल स्टॅकची अशी एकच सर्वमान्य परीक्षा अस्तित्वात नाही. ‘सर्टिफाइड फुल स्टॅक डेव्हलपर’ हे क्लासने स्वतः ठरवलेलं नाव असतं. कामाची मागणी खरी आहे, पण ती सिद्ध होते गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवलेल्या चालत्या प्रोजेक्टने. आणि तो प्रोजेक्ट बॅचमधल्या तीस जणांचा सारखा नसावा. हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम, तीच तीच पानं, रंगही तेच, अशी प्रोजेक्ट पाहून आम्ही दमलो आहोत. तुमच्या गावच्या दूध संस्थेचं संकलन, फॅटप्रमाणे दर आणि दहा दिवसांचं बिल, एवढं जरी स्वतः बांधलंत तरी त्यात डेटाबेस, लॉगिन, हिशेब, रिपोर्ट सगळं येतं.

क्लास मग लावायचाच नाही का?

लावावा, पण कशासाठी ते ठरवून. चांगला शिक्षक अडलेली गोष्ट दहा मिनिटांत सोडवतो, जिथे एकट्याचे दोन दिवस जातात. रोज ठरलेल्या वेळी जाण्याने शिस्त राहते. जतहून, तासगावहून रोज एसटीने येणाऱ्या मुलांना चार बरोबरीचे सोबती मिळतात, इंग्रजीत बोलायची भीड चेपते, आणि घरी लॅपटॉप नसेल तर लॅब मिळते. आपल्या भागातल्या मुलांसाठी या गोष्टी लहान नाहीत. मराठीत समजावून सांगणारा आणि मग इंग्रजी शब्दांची सवय लावणारा शिक्षक सांगलीत मिळत असेल, तर त्याला सोडून पुण्याच्या चकाचक ऑफिसला भुलायचं कारण नाही. पुण्यात खोली, मेस आणि येणं-जाणं धरून सहा महिन्यांचा खर्च क्लासच्या फीइतका किंवा त्याहून जास्त होतो. तो खर्च मुलाखतींच्या काळासाठी राखून ठेवा, तेव्हा तिथे राहणं खरोखर उपयोगी पडतं.

फी भरण्याआधी दोन-तीन लेक्चर बसून बघा, आणि ती शिकवणाऱ्या शिक्षकाचीच असावीत. डेमोला एक सर आणि बॅचला दुसरेच, असं फार होतं. शिक्षकाने स्वतः ती परीक्षा दिली आहे का? असेल तर त्याच्या डिजिटल बॅजची (सर्टिफिकेटच्या ऑनलाइन खुणेची) लिंक मागा. आजकाल प्रत्येक सर्टिफिकेटची ऑनलाइन पडताळणी होते, लाजायचं कारण नाही. तासांपैकी किती तास मुलं स्वतः मशिनवर हात चालवतात? मागच्या बॅचमधल्या कुणाशी परस्पर बोलता येईल का? भिंतीवरचे फोटो सोडा, फोन नंबर मिळतो का ते बघा. कंपनीचे अधिकृत ट्रेनिंग पार्टनर असल्याचा दावा असेल तर त्या कंपनीच्या साइटवर पार्टनरची यादी असते, त्यात नाव शोधा.

‘१०० टक्के प्लेसमेंट’ हा शब्द कागदावर कसा आहे ते पाहा. बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं ‘प्लेसमेंट असिस्टन्स’, म्हणजे मदत. नोकरीची हमी नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. त्यासाठी पावती, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा.

क्लासआधी किंवा क्लासऐवजी काही जागा जरूर बघा. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प लिनक्स, जावा असे विषय छोट्या व्हिडिओंतून मराठीतही शिकवतो, मोफत. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण प्रकल्पाचे कोर्स आयआयटीचे प्राध्यापक घेतात. शिकणं मोफत, परीक्षा द्यायची असेल तरच फी, १,००० रुपये. २५ टक्के गुण असाइनमेंटचे आणि ७५ टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे, त्यामुळे या सर्टिफिकेटला बऱ्यापैकी मान आहे. इंजिनिअरिंग किंवा एमसीए झालेल्यांनी केंद्र सरकारच्या सी-डॅक या संस्थेचा पीजी-डॅक डिप्लोमाही विचारात घ्यावा. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, कोर्स सहा महिन्यांचा आणि दिवसभराचा, फी लाखाच्या घरात. पण त्याचं नाव पुण्यातल्या कंपन्यांना ठाऊक आहे, आणि मोठी रक्कम घालायचीच असेल तर मी आधी इथे प्रयत्न करायला सांगेन.

हप्त्यांचं प्रकरण

हे आई-वडिलांनी मुद्दाम वाचावं. ‘फी हप्त्याने भरा, व्याज नाही’ असं सांगून मोबाइलवर एक लिंक येते. आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी. पाच मिनिटांत ‘अ‍ॅडमिशन’ होतं. प्रत्यक्षात त्या पाच मिनिटांत एका फायनान्स कंपनीने मुलाच्या किंवा वडिलांच्या नावावर कर्ज दिलेलं असतं. रक्कम एकदम क्लासकडे जाते आणि दर महिन्याला खात्यातून हप्ता कापायची परवानगीही त्याच ओटीपीत गेलेली असते. पुढे शिकवणं आवडलं नाही, शिक्षक सोडून गेले, क्लास बंद पडला, तरी हप्ता थांबत नाही. कारण देणं क्लासचं नसून फायनान्स कंपनीचं आहे. हप्ता चुकला की सिबिल खराब होतं, आणि नोकरी लागण्याआधीच मुलाच्या नावावर थकबाकीचा डाग लागतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. त्यात एकूण व्याज, शुल्क आणि सुरुवातीच्या किती दिवसांत मुद्दल परत करून कर्जातून बाहेर पडता येतं, ते लिहिलेलं असतं. ते मागा, घरी आणून वाचा. शक्य असेल तर क्लासलाच थेट दोन-तीन टप्प्यांत फी द्या: एक भाग शिकून झाला की पुढचा. आपल्या शिकवण्यावर विश्वास असलेला क्लास याला तयार होतो.

दोन गोष्टी ज्यांच्या वाटेलाही जाऊ नका

पहिली, डम्प. परीक्षेतले खरे प्रश्न चोरून केलेल्या पीडीएफ फिरतात आणि काही क्लास ‘पास गॅरंटी’ म्हणून त्याच वाटतात. परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांना हे ओळखता येतं. सर्टिफिकेट रद्द होतं, पुढच्या परीक्षांवर बंदी येते. आणि सापडला नाहीत तरी मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडकता. सरावासाठी कंपनीचे स्वतःचे नमुना प्रश्न पुरेसे असतात.

दुसरी त्याहून गंभीर. ‘दोन वर्षांचा अनुभव लावून देतो’ म्हणत पैसे घेऊन खोटं एक्स्पिरियन्स लेटर देणारे लोक आहेत. गावाकडच्या मुलांना ते नेमके हेरतात, कारण घरून दडपण असतं आणि गॅप वाढत चाललेला असतो. कंपनी रुजू करून घेताना पार्श्वभूमी तपासते. पीएफच्या यूएएन नंबरवर आधीची नोकरी दिसते की नाही बघतात, पगाराचा कर कापल्याची नोंद बघतात. खोटं निघालं की रुजू झालेल्या मुलालाही काढतात, आणि पुढची प्रत्येक कंपनी विचारते की आधीची का सोडली. असं झालेली मुलं मी पाहिली आहेत. ती वाईट मुलं नव्हती, कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की सगळे असंच करतात. सगळे असं करत नाहीत. एक वर्षाचा गॅप आणि एक खरं प्रोजेक्ट घेऊन आलेल्या मुलाला मी स्वतः निवडलं आहे.

परीक्षेची तारीख

अभ्यास ‘पूर्ण’ झाल्यावर तारीख घेऊ म्हणणाऱ्यांची तारीख कधीच येत नाही. अभ्यासक्रम साधारण निम्मा झाला की सहा-आठ आठवडे पुढची तारीख घेऊन टाका.

अनेक परीक्षा पिअरसन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर किंवा घरून ऑनलाइन देता येतात. नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे अगदी तसंच टाका. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, आणि ईमेलवर नुसतं पहिलं नाव, असा घोळ असतो. नाव जुळलं नाही तर दारातूनच परत पाठवतात आणि फी जाते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी हे आधीच निस्तरून घ्यावं.

घरून द्यायची तर खोलीत तुमच्याशिवाय कुणी नको. टेबल मोकळं, मोबाइल लांब. कॅमेऱ्याने खोली फिरवून दाखवावी लागते. मध्येच आईने चहा घेऊन दार उघडलं तरी परीक्षा थांबवू शकतात, म्हणून घरात आदल्या दिवशी सांगून ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाते. लॅपटॉपची बॅटरी आणि राउटरचा इन्व्हर्टर तपासून घ्या, नाहीतर सरळ केंद्र निवडा, प्रवास करावा लागला तरी. माझा सल्ला केंद्राचाच.

नापास झालात तर पुन्हा देता येते. अ‍ॅमेझॉनच्या परीक्षेला १४ दिवस थांबावं लागतं, मायक्रोसॉफ्टच्या दुसऱ्या प्रयत्नाला २४ तास; फी दोन्हीकडे पुन्हा पूर्ण. निकालासोबत कुठल्या भागात कमी पडलात त्याचा तपशील येतो, तो उतरवून घ्या आणि पुढचा अभ्यास तिथूनच सुरू करा. पास झालात तर बॅजची लिंक बायोडेटात पहिल्याच पानावर घाला, प्रोजेक्टच्या लिंकच्या खाली.